बरणीवरून उतरवलेला गॉली

इंग्लंडमधल्या जुन्या वस्तूंच्या एका दुकानात तो बिल्ला मी पहिल्यांदा हातात घेतला. जेमतेम अंगठ्याएवढा, धातूवर मिनाकारी केलेला, मागे टाचणी. पुढच्या बाजूला एक काळा बाहुला. बटबटीत पांढरे डोळे, कानापर्यंत फाकलेले लालभडक ओठ, पिंजारलेले केस, हातात क्रिकेटची बॅट. दुकानदार आजोबांनी तो काउंटरखालच्या खणातून काढून दिला होता. "वर मांडत नाही आता," ते म्हणाले, "कुणी मागितला तरच दाखवतो."

टाकून द्यायला मन होत नाही आणि चारचौघांत मांडताही येत नाही, अशा जागी हा बाहुला कसा येऊन पडला, त्याचं हे प्रकरण. बाहुल्याचं नाव गॉली, पूर्ण नाव गॉलीवॉग. रॉबर्टसन या जॅम आणि मार्मालेडच्या कंपनीने १९१० ते २००१ अशी ९१ वर्षं त्याला आपल्या बरण्यांवर मिरवलं आणि मग उतरवलं. उतरवलं ते बरंच केलं, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. पण ज्या रीतीने उतरवलं त्यात मोठी चूक झाली, आणि ती चूक बावीस वर्षांनी एसेक्समधल्या एका पबमध्ये पुन्हा वर आली, असं मला वाटतं.

बरणी, कुपन आणि बिल्ला

जेम्स रॉबर्टसन हा स्कॉटलंडमधल्या पेस्ली गावचा किराणा दुकानदार. १८६४ मध्ये त्याने सुरू केलेल्या धंद्याचं नाव झालं ते कडू संत्र्यांच्या मार्मालेडमुळे. माल खपेना म्हणून त्याच्या बायकोने घरी मार्मालेड शिजवलं आणि तेच चाललं, अशी त्या घराण्यात सांगितली जाणारी कथा आहे. पुढे कंपनी वाढली आणि १९१० च्या सुमारास बरणीच्या लेबलावर गॉली आला.

खरी जादू झाली १९२८ मध्ये. कंपनीने बिल्ले काढले. पहिला बिल्ला गोल्फ खेळणाऱ्या गॉलीचा. बरण्यांवरचे छोटे कागदी गॉली जमवायचे, थोडे पैसे जोडून पोस्टाने पाठवायचे, की घरी बिल्ला यायचा. क्रिकेटपटू, फुटबॉलपटू, वाद्यं वाजवणारे, नाना तऱ्हेचे गॉली निघाले. दुसऱ्या महायुद्धात धातू मिळेनासा झाला तेव्हा हे थांबलं, युद्धानंतर पुन्हा सुरू झालं. आजवर दोन कोटींहून अधिक बिल्ले पाठवले, असा हिशेब कंपनीच्या प्रवक्त्याने १९९९ मध्ये दिला होता, आणि तेव्हाही वर्षाला तीन लाख चाळीस हजारांहून अधिक मागण्या येत होत्या.

हे आकडे मुद्दाम दिले. आपल्याकडे काडेपेटीचे छाप किंवा बिस्किटाच्या पुड्यातली चित्रं जमवणाऱ्यांना हा नाद लगेच कळेल. पोस्टमनची वाट पाहणारं मूल, आईने धुऊन ठेवलेल्या बरण्या, शाळेत बिल्ल्यांची अदलाबदल. ब्रिटनमधल्या दोन-तीन पिढ्यांच्या बालपणात हा बाहुला असा रुतून बसला आहे. "आम्ही तर प्रेमाने जपला" असं त्या पिढीतलं कुणी म्हणतं तेव्हा ते खोटं बोलत नसतं. हे मान्य केल्याशिवाय या प्रकरणात पुढे जाता येत नाही.

बाहुला आला कुठून

कंपनी एक गोष्ट सांगायची. रॉबर्टसनचा मुलगा अमेरिकेला गेला असताना त्याला आडगावातली मुलं चिंध्यांच्या काळ्या बाहुल्यांशी खेळताना दिसली. आईच्या जुन्या काळ्या झग्याची आणि पांढऱ्या पोलक्याची ती बाहुली. 'डॉली' म्हणता येईना म्हणून मुलं 'गॉली' म्हणायची. हे त्याला आवडलं आणि त्याने एक बाहुला घरी आणला. गोष्ट गोड आहे आणि तिच्यात कुणाचाच दोष नाही. पुढे टीका सुरू झाली तेव्हा ही गोष्ट कंपनीच्या चांगलीच कामी आली.

पण गॉलीवॉगचा जन्म त्याआधीच, आणि पुस्तकात झाला होता. फ्लॉरेन्स केट अप्टन ही न्यूयॉर्कजवळ १८७३ मध्ये जन्मलेली मुलगी, आईवडील इंग्रज. वडील गेल्यावर कुटुंब इंग्लंडला आलं. पैशांची गरज होती म्हणून तिने मुलांच्या पुस्तकासाठी चित्रं काढली आणि पद्य आईने, बर्था अप्टनने, लिहिलं. १८९५ मध्ये निघालेल्या या पुस्तकात दोन लाकडी बाहुल्या आहेत आणि त्यांना भेटणारा एक काळा 'गॉलीवॉग' आहे. पहिल्या भेटीत त्याला पाहून त्या घाबरतात, पण तो निघतो मनाने चांगला. पुस्तक इतकं चाललं की १९०९ पर्यंत त्या मालिकेत तेरा पुस्तकं झाली.

फ्लॉरेन्सने समोर ठेवलेला बाहुला तिच्या लहानपणीचा, अमेरिकेतून आलेला. 'मिन्स्ट्रेल' बाहुला. मिन्स्ट्रेल म्हणजे तोंडाला काजळ फासून, ओठ रंगवून काळ्या माणसांची टिंगल करणारे गोरे नाटकवाले. १८३० च्या दशकापासून अमेरिकेत त्यांचे खेळ तुफान चालत. बावळट, आळशी, नाचरा काळा माणूस ही त्यांची ठरलेली सोंगं. तोंडावरचे ते फाकलेले लाल ओठ आणि बटाट्यासारखे डोळे कुठल्याही आफ्रिकी माणसाचे नाहीत. रंगभूमीवर फासलेल्या त्या रंगाचे ते आहेत. म्हणजे गॉली हे काळ्या माणसाचं चित्रसुद्धा नाही, त्याच्या टवाळीचं चित्र आहे.

लहानपणी त्या बाहुल्याशी आपण काय खेळायचो, हे फ्लॉरेन्सने स्वतःच पुढे लिहून ठेवलं. बागेत फुलझाडाच्या कुंडीवर त्याला बसवायचं आणि रबरी चेंडू मारून उलथा पाडायचा. त्याचे चिंध्यांचे पाय हवेत उडायचे. ते आठवून आता वाईट वाटतं, असंही तिने म्हटलं. या आठवणीपाशी मी दर वेळी थबकते. बाई दुष्ट नव्हती. तिने आपल्या पुस्तकात त्याला सभ्य, शूर, दोस्ती निभावणारा केला. १९१७ मध्ये तिने मूळ बाहुल्या आणि चित्रं रेडक्रॉसच्या मदतीसाठी लिलावात दिली आणि त्या पैशांतून युद्धावर एक रुग्णवाहिका गेली. त्या बाहुल्या पुढे कित्येक वर्षं पंतप्रधानांच्या चेकर्स या निवासात होत्या, आता लंडनच्या बेथनल ग्रीनमधल्या मुलांच्या संग्रहालयाच्या ताब्यात आहेत. तिचा हेतू निर्मळ होता, आणि तरीही तिच्या हाती आलेली वस्तू टवाळीतूनच घडलेली होती. या दोन गोष्टी एकाच बाहुल्यात आहेत, आणि त्यातली एक सांगून दुसरी पुसता येत नाही.

एक चूक तिच्या हातून झाली. तिने या पात्राचे हक्क नोंदवले नाहीत. मग खेळण्यांच्या कारखान्यांना रान मोकळं मिळालं. जर्मनीच्या श्टाइफ कंपनीने १९०८ मध्ये गॉलीवॉग काढले आणि पुढे ते घरोघर झाले. इतर लेखकांनी त्याला उचललं आणि तिने दिलेला चांगुलपणा हळूहळू गळत गेला. एनिड ब्लायटनच्या नॉडीच्या गोष्टी मराठी घरांतही वाचल्या गेल्या आहेत. त्यातल्या १९५१ च्या एका पुस्तकात अंधाऱ्या जंगलात नॉडीला अडवून त्याची गाडी आणि अंगावरचे कपडे लुटणारे गॉलीवॉगच होते. नंतरच्या आवृत्त्यांत त्यांच्या जागी गॉब्लिन आले. आपल्यापैकी अनेकांनी ती बदललेली आवृत्तीच वाचली असणार.

शब्द रस्त्यावर आला

२२ जून १९४८ रोजी 'एम्पायर विंडरश' हे जहाज लंडनच्या खाली टेम्सवरच्या टिलबरी बंदरात रिकामं झालं. कॅरिबियन बेटांवरचे शेकडो लोक त्यातून उतरले. युद्धाने खचलेल्या ब्रिटनला हात हवे होते. त्यांच्यामागून भारत आणि पाकिस्तानातूनही लोक आले. बस चालवायला, गिरण्यांत, इस्पितळांत.

१९१० साली पेस्लीच्या गिऱ्हाइकाने आपल्या गल्लीत काळा माणूस बहुधा पाहिलाच नव्हता. गॉली त्याला परीकथेतला वाटला तर नवल नाही. १९५५ साली मात्र गॉलीचे बिल्ले जमवणाऱ्या मुलांच्या शाळेतच, शेजारच्या बाकावर, जमैकाहून आलेली मुलगी बसली होती. बाकीच्या मुलांना काळ्या माणसाची ओळख त्या बाहुल्यानेच करून दिलेली. तिला ती काय म्हणणार? गॉली. आणि त्याहून वाईट म्हणजे, 'वॉग'.

'वॉग' हा शब्द मुळात गॉलीवॉगमधून निघाला की वेगळा, यावर शब्दकोशकारांचं एकमत नाही. पण पोरांनी आणि गुंडांनी तो जोडून टाकला होता, आणि रस्त्यावर तेवढं पुरतं. ही शिवी एकट्या काळ्यांना नव्हती. ती आपल्यालाही होती. साठ-सत्तरच्या दशकांत तिकडे गेलेल्या मराठी डॉक्टरांच्या, परिचारिकांच्या, कामगारांच्या पिढीला हा शब्द समजावून सांगावा लागत नाही. सकाळी नाश्त्याला ज्या बरणीवरचा बाहुला हसतोय, त्याच्याच नावाने संध्याकाळी बसथांब्यावर हाक ऐकायची, असा तो मामला होता.

"मुलांना यातलं काय कळतं?" हा प्रश्न नेहमी येतो. अमेरिकेत केनेथ आणि मेमी क्लार्क या काळ्या मानसशास्त्रज्ञ दांपत्याने १९४० च्या सुमारास तो तपासला. तीन ते सात वर्षांच्या २५३ काळ्या मुलांसमोर त्यांनी दोन गोऱ्या आणि दोन सावळ्या बाहुल्या ठेवल्या. त्वचेचा आणि केसांचा रंग सोडला तर सगळ्या अगदी सारख्या. खेळायला कुठली हवी, चांगली कुठली, वाईट कुठली, असे साधे प्रश्न. दोनतृतीयांश मुलांनी गोरी बाहुली मागितली. शेवटचा प्रश्न असायचा, "यातली तुझ्यासारखी कुठली?" त्यावर काही मुलं रडत खोलीबाहेर गेली. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९५४ मध्ये शाळांतलं काळ्या-गोऱ्यांचं विभाजन घटनाबाह्य ठरवलं, तेव्हा या कामाचा दाखला निकालाच्या टीपेत होता. आणि त्या बाहुल्या साध्या, सुबक होत्या. कुणाची टवाळी करणाऱ्या नव्हत्या.

१९८३ ते २००१

ब्रिटनमधला विरोध एका रात्रीत उभा राहिला नाही. काजळ फासून गाणाऱ्यांचा 'ब्लॅक अँड व्हाइट मिन्स्ट्रेल शो' बीबीसीवर १९५८ मध्ये सुरू झाला. तो बंद करा म्हणून १९६७ मध्ये अर्ज गेला, तरी तो १९७८ पर्यंत चालूच होता. १९८३ मध्ये ग्रेटर लंडन कौन्सिलने रॉबर्टसनच्या मालावर बहिष्कार घातला. कंपनी बधली नाही. आमचा गॉली प्रेमळ आहे, मुलांचा मित्र आहे, हीच भूमिका. १९८८ मध्ये टीव्हीवरच्या जाहिरातींतून तो गेला, पण बरणीवर राहिला, बिल्लेही राहिले.

इथे कंपनीच्या जागी बसून पाहिलं तर तिची अडचण दिसते. बरणी विकत घेणारे बहुसंख्य लोक खूश आहेत. बिल्ल्यांचे संग्राहक तर वेडे आहेत. तक्रारीची पत्रं वर्षाला हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी. कुठलाही विक्री व्यवस्थापक म्हणेल, कशाला हात लावायचा? पण जो दुखावला गेला तो पत्र लिहीत बसत नाही, तो दुसरी बरणी उचलतो. शेल्फसमोर उभं राहून मुलीची नजर दुसरीकडे वळवणाऱ्या आईची नोंद कुठल्याच रजिस्टरमध्ये होत नाही. बहुमत मोजून अपमान आहे की नाही हे ठरवता येत नाही, आणि कंपनी अठरा वर्षं नेमकं तेच करत राहिली.

२००१ मध्ये शेवटी गॉलीला निवृत्त केल्याचं जाहीर झालं. त्याच्या जागी रोआल्ड डालच्या गोष्टींतली, क्वेंटिन ब्लेकने काढलेली पात्रं आली. कारण काय दिलं? मुलांना आता गॉली माहीत नाही, काळाबरोबर जायला हवं. आणि वर हेही, की आम्ही कुणाच्या दबावापुढे झुकलेलो नाही.

या प्रकरणाचं मर्म मला इथे दिसतं. ९१ वर्षं जपलेली वस्तू काढली आणि का काढली ते सांगितलं नाही. ज्याच्याकडे बिल्ल्यांचा डबा होता त्या आजोबांना कळलं एवढंच, की आपला गॉली गेला. मिन्स्ट्रेलचं काजळ, कुंडीवरचे चेंडू, बसथांब्यावरची हाक, यातलं काही त्यांना कुणी सांगितलं नाही. सांगण्याची सर्वांत चांगली जागा कंपनीकडे होती. तिचं ते ऐकणार होते, कारण तिच्यावर त्यांचा जीव होता. तिने तोंड मिटलं आणि ती जागा वर्तमानपत्रांतल्या "आता जॅमवरही बंदी" छापाच्या ओरड्याने भरून काढली.

ग्रेज, २०२३

ग्रेज हे एसेक्समधलं टेम्सकाठचं गाव. टिलबरी तिथून काही मैलांवर, एकाच थरॉक परगण्यात. विंडरशमधले लोक उतरले ते हेच पाणी, हाच काठ.

तिथल्या एका पबच्या फळीवर गॉलीवॉग ओळीने मांडलेले होते. कुणाच्या तरी तक्रारीवरून एप्रिल २०२३ मध्ये पोलीस आले आणि बाहुले उचलून घेऊन गेले. देशभर गहजब झाला. लोकांनी पबला नवे बाहुले पाठवले. काहींनी पबच्या काचा फोडल्या, भिंतीवर रंग फासला. बिअर कंपन्यांनी आमची बिअर तिथे नको म्हणून कळवलं. मे महिन्यात पब बंद झाला.

गृहमंत्री तेव्हा सुएला ब्रेव्हरमन होत्या. वडिलांकडून मूळच्या गोव्याच्या, केनियामार्गे ब्रिटनला आलेल्या कुटुंबातल्या. पोलिसांनी असल्या फालतू गोष्टीत पडू नये, असं त्यांचं मत असल्याच्या बातम्या आल्या. मंत्र्यांकडून आमच्याशी असं काही बोलणं झालेलं नाही, असा खुलासा एसेक्स पोलिसांनी केला. मूळच्या गोव्याच्या माणसाची मुलगी त्या देशाची गृहमंत्री आणि वाद त्या बाहुल्यावर, ज्याच्या नावाचं शेपूट तिच्या आईवडिलांच्या पिढीला शिवी म्हणून ऐकवलं गेलं. हा योग माझ्या मनातून जात नाही.

पोलिसांनी बाहुले उचलायला हवे होते का? माझं मत, नाही. फळीवरून बाहुला काढता येतो, पण समजूत त्याने बदलत नाही, उलट बाहुल्याला हुतात्म्याचा मान मिळतो. त्या पबात बसणाऱ्यांना १९८३ मध्ये, १९८८ मध्ये, २००१ मध्ये कुणी नीट काही सांगितलं नव्हतं. थेट गणवेशातली माणसं दारात आली.

आपल्याकडे पाहताना

गॉलीचं चित्र मी नागपूरच्या आत्याला दाखवलं तेव्हा ती पटकन म्हणाली, "अगं, ही तर दृष्टीची बाहुली." लिंबू-मिरचीबरोबर, बांधकामावर, ट्रकच्या मागे लटकणारी काळी बाहुली. दिसायला जवळची असली तरी ती वेगळी आहे. तिचा काळा रंग काजळतिटीचा, कुण्या माणसाच्या नकलेचा नव्हे. दोन्ही एका टोपलीत टाकू नयेत.

आपलं जुळतं ते दुसरीकडे. 'हबशी' हा शब्द घ्या. हबश म्हणजे आजचा इथिओपिया, तिथला तो हबशी. अहमदनगरची निजामशाही सावरून धरणारा आणि जमीनमहसुलाची घडी बसवणारा मलिक अंबर हबशी होता, जंजिऱ्याचे सिद्दी हबशी होते. तोच शब्द आपल्या घरांत कधी दांडग्या, काळ्या, 'भयानक' दिसणाऱ्या माणसाला हिणवायला येऊन बसला, ते कुणाच्या लक्षातही आलं नाही. पुण्यात शिकायला येणारी आफ्रिकेतली मुलं रिक्षा थांब्यावर तो ऐकतात. म्हणणाऱ्याला विचारलं तर तोही म्हणेल, मनात तसं काही नव्हतं.

मग जपलेल्या वस्तूचं काय करावं? अमेरिकेत मिशिगनच्या फेरिस स्टेट विद्यापीठात जिम क्रो म्युझियम आहे. काळ्यांना वेगळं ठेवणाऱ्या तिथल्या जुन्या कायद्यांना 'जिम क्रो' म्हणत. ते उभं करणारे डेव्हिड पिलग्रिम स्वतः काळे. बारा-तेरा वर्षांचे असताना अलाबामातल्या मोबील शहरात त्यांनी अशीच एक टवाळीची वस्तू विकत घेतली. बहुधा काळ्या मोलकरणीच्या आकाराची मिठाची डबी होती, असं ते सांगतात. पैसे दिले आणि विक्रेत्यासमोरच ती जमिनीवर आपटून फोडली. पुढे ते समाजशास्त्राचे प्राध्यापक झाले आणि अशाच वस्तू हजारोंनी जमवू लागले. आता त्या काचेमागे आहेत, आणि प्रत्येकीशेजारी ती कुणी केली, कुणाला हसण्यासाठी केली आणि त्या हसण्याआड काय काय चालू होतं, ते लिहिलेलं आहे. गॉलीवॉगवरही त्यांनी सविस्तर लिहिलं आहे, त्यात रॉबर्टसनचे बिल्लेही आहेत.

दुकानातल्या त्या आजोबांना मी मिन्स्ट्रेल नाटकवाल्यांबद्दल विचारलं. टीव्हीवर पाहायचे, आवडायचे, म्हणाले. मग फ्लॉरेन्स अप्टनची कुंडीवरच्या चेंडूंची आठवण सांगितली. ती त्यांनी कधी ऐकली नव्हती. बिल्ला तळहातावर घेऊन ते बराच वेळ बघत राहिले. आईने तीस-एक बरण्या धुतल्या असतील या सगळ्यांसाठी, असं म्हणाले. मग त्यांनी मला ते बाईचं नाव कागदावर लिहून द्यायला सांगितलं.